रंग आला नाही तर काय समजायचं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमिनो आम्लांच्या रंगाच्या टेस्ट वर्गात कशा दाखवायच्या यावर थोडं लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअ‍ॅपवर परीक्षानळ्यांचे फोटोही आले. सगळे वाचताना लक्षात आलं की निम्म्याहून जास्त लोकांचं म्हणणं फिरून फिरून एकच आहे, "मॅडम, रंग आलाच नाही" नाहीतर "भलताच आला". म्हणून यावेळी तसलेच प्रश्न निवडलेत. नावं कुणाची छापत नाही, गाव किंवा जिल्हा तेवढा ठेवलाय.

प्रश्न : मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. अंड्याच्या पांढऱ्यावर बायुरेट टेस्ट केली, झकास जांभळा रंग आला, मुलं खूश. मग लॅबमधल्या बाटलीतलं ग्लायसिन घेऊन तीच टेस्ट केली तर निळंच राहिलं. आमच्याकडच्या गाइडमधे तर "प्रथिने व अमिनो आम्लांची चाचणी" असं स्पष्ट छापलंय. बाटली बरीच जुनी आहे, ग्लायसिन खराब झालं असेल का? (कोल्हापूर जिल्हा)

सर, बाटली फेकू नका, ग्लायसिन ठणठणीत आहे. चूक गाइडची आहे, आणि ही चूक मी इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी बघितलीय की आता ती बघूनच राग येतो, कारण तुमच्यासारखा प्रामाणिक शिक्षक स्वतःच्या बाटलीवर संशय घेतो आणि छापलेल्यावर घेत नाही.

बायुरेट टेस्ट अमिनो आम्ल ओळखतच नाही. मैदानावर मुलं एकमेकांचे हात धरून साखळी करतात ना, प्रथिन म्हणजे तशी साखळी, एकेक मूल म्हणजे एकेक अमिनो आम्ल आणि जिथे दोन हात एकमेकांत अडकलेत तो पेप्टाइड बंध. मोरचुदातलं तांबं अल्कलीत या अडकलेल्या हातांमधल्या नायट्रोजनना धरतं तेव्हा जांभळा रंग दिसतो, आणि त्यासाठी असे निदान दोन बंध लागतात. सुटं उभं असलेलं मूल, म्हणजे तुमचं ग्लायसिन, त्याचे हात कुणाच्या हातात नाहीत, मग जांभळा येणार कुठून?

पण सर, तुम्ही "निळंच राहिलं" लिहिलंय तिथे जरा थांबा आणि परत बघा. तीन नळ्या शेजारी शेजारी ठेवा, एकीत साधं पाणी, दुसरीत ग्लायसिन, तिसरीत अंड्याचा पांढरा, आणि तिन्हीत कॉस्टिक सोडा आणि मोरचूद तेवढाच. पाण्याच्या नळीत फिकट निळा, दह्याच्या चोथ्यासारखा गाळ धरतो. ग्लायसिनच्या नळीत गाळ नाही, स्वच्छ गडद निळं द्रावण दिसतं, कारण ग्लायसिनचे दोन रेणू मिळून तांब्याचा एक आयन धरून ठेवतात आणि त्याला खाली बसू देत नाहीत. म्हणजे दोन निळे सारखे नाहीतच. मुलांना आधी काही सांगू नका, नुसतं विचारा की तीन नळ्यांत फरक काय दिसतो, कुणीतरी एक पोरगी हमखास म्हणते "सर ही पारदर्शक आहे आणि ती गढूळ".

प्रमाण विचारलं नाहीत तरी सांगून ठेवते, १०० मिली पाण्यात २ ग्रॅम मोरचूद आणि वेगळ्या १०० मिलीत १० ग्रॅम कॉस्टिक सोडा. अंड्याचा पांढरा चारपाच पट पाण्यात ढवळून फडक्यातून गाळून घ्या. नळीत मोरचुदाचे २ थेंब आणि सोड्याचे १० थेंब, बास. हात सैल सोडून मोरचूद जास्त पडला की सगळं निळं होतं आणि खरा जांभळा त्याखाली झाकला जातो, वर्गात टेस्ट फसण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण. कॉस्टिक सोडा तुम्हीच घाला, मुलांच्या हातात देऊ नका, आणि चष्मा घाला.

आता एक गंमत, जी मला स्वतःला फार आवडते. या टेस्टला बायुरेट म्हणतात, पण प्रथिनात बायुरेट नावाचं काही नसतं. बायुरेट तयार होतं युरियापासून. कोरड्या नळीत अर्धा चमचा युरिया घ्या, लॅबमधला घ्या, खताचा निंबोळी तेल लावलेला असतो त्याचा वास फार येतो. मंद आचेवर धरा. आधी वितळतो, मग बुडबुडे, मग नाकाला झोंबणारा अमोनिया, खिडकी उघडी ठेवा. हळूहळू पातळ झालेलं परत गढूळ, घट्ट व्हायला लागलं की आच काढा. गार झाल्यावर कोमट पाण्यात विरघळवा, सोड्याचे थेंब आणि मोरचुदाचा एकच थेंब. गुलाबीकडे झुकणारा जांभळा! नळीत ना अंडं, ना डाळ, ना एकही अमिनो आम्ल, फक्त तसलाच बंध आहे. युरियाचे दोन रेणू जोडून एक अमोनिया बाहेर पडला की तो बंध तयार होतो. तुमच्या भागातल्या मुलांना युरिया म्हटलं की लगेच पोतं डोळ्यासमोर येतं, आणि खताच्या युरियात बायुरेट जास्त असेल तर फवारणीनंतर पानं करपतात, लिंबू-संत्र्यासारख्या झाडांना ते विशेष सोसत नाही, हेही जाताजाता सांगता येईल.

आणि ग्लायसिनला खरंच पकडायचं असेल तर निनहायड्रिन लागतं, अमिनो आम्लाबरोबर तापवलं की जांभळा रंग देणारं रसायन. तेही नसेल मिळत तर गावातल्या मोठ्या शाळेकडून किंवा कॉलेजकडून १०-२० मिली द्रावण मागून आणा, लाजू नका, कॉलेजवाले देतात. मग अजिनोमोटो पाण्यात विरघळवून त्याच्यावर दोन्ही टेस्ट करा. अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामिक आम्लाचंच मीठ, एकटं अमिनो आम्ल. निनहायड्रिन घालून उकळत्या पाण्यात तीनचार मिनिटं ठेवलं की गडद जांभळं, बायुरेट मात्र निळंच.

प्रश्न : मी एसवायबीएस्सीला आहे. पेपर क्रोमॅटोग्राफीत (कागदावर पदार्थ वेगळे करायच्या प्रयोगात) चार अमिनो आम्लांचे ठिपके दिले होते, निनहायड्रिन मारून तापवल्यावर दोन गोष्टी झाल्या, एक तर प्रोलिनचा ठिपका पिवळा आला आणि बाकीचे जांभळे, आणि दुसरं म्हणजे कागदाच्या कडेला जिथे काहीच दिलं नव्हतं तिथे जांभळे डाग आले. बॅचमधे सगळे म्हणाले की माझा कागद घाण होता. (नाशिक)

तुझा कागद घाण नव्हता, तुझ्या बोटांनी तो तसा केला. त्या डागांकडे भिंगातून बघ, कदाचित त्यात बारीक वळणदार रेघा दिसतील. घामात अमिनो आम्लं असतात, सेरिन सगळ्यात जास्त, आणि कोऱ्या कागदाला बोट लागलं की ती तिथे बसतात, डोळ्यांना दिसत नाहीत, पण निनहायड्रिनला दिसतात. १९५४ साली स्वीडनमधल्या ओडेन आणि फॉन हॉफ्स्टेन या दोघांनी हेच वापरून कागदावरचे ठसे उठवायची पद्धत मांडली आणि पुढे जगभरच्या पोलिसांच्या लॅबमधे ती गेली. तुझ्या बॅचने ज्याला घाण म्हटलं तो चेकवरचा, चिठ्ठीवरचा पुरावा असतो! पुढच्या वेळी कागद कडेला चिमट्याने धर किंवा हातमोजे घाल. आणि एक कागद मुद्दाम वेगळा ठेव, त्याच्यावर अंगठा घट्ट दाबून धर, निनहायड्रिनच्या द्रावणातून काढ, पूर्ण वाळू दे आणि मग इस्त्रीची वाफ दे. पूर्ण वाळू दे असं लिहिलंय कारण द्रावण अ‍ॅसिटोनमधलं असेल तर ते भडकन पेटतं, ओला कागद इस्त्रीजवळ किंवा बर्नरजवळ नेऊ नकोस.

आता पिवळा ठिपका. हा प्रश्न तू विचारलास याचा मला आनंद झाला, कारण पोरं बहुतेक वेळा उलटा प्रश्न विचारायलाच विसरतात, की बाकीचे सगळे एकाच रंगाचे का आले? ग्लायसिन, अ‍ॅलनिन, ल्युसिन, सगळ्यांच्या शेपट्या, म्हणजे रेणूतला ज्याचा त्याचा वेगळा भाग, निरनिराळ्या, मग रंग एकच कसा? तर निनहायड्रिन अमिनो आम्ल मोडतं. कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, उरलेलं शेपूट अल्डिहाइड होऊन बाजूला पडतं, आणि अमिनो आम्लाचा फक्त नायट्रोजन तेवढा निनहायड्रिनच्या दोन रेणूंच्या मधे जाऊन बसतो. जांभळा रंग त्या जोडगोळीचा. नायट्रोजन कुणाकडून आला याची त्यात खूणच राहत नाही, म्हणून सगळ्यांचा जांभळा सारखा. आणि म्हणूनच जवळपास अमोनियाची बाटली उघडी असली तरी फसगत होऊ शकते, कारण अमोनियाकडेही नायट्रोजन आहेच.

प्रोलिनचा नायट्रोजन मात्र मोकळा नाही, तो स्वतःच्याच शेपटीशी कडं करून बांधलेला आहे. त्याला सुटून दोघांच्या मधे जाता येत नाही, मग वेगळाच पिवळा पदार्थ होतो. जांभळा ५७० नॅनोमीटरला मोजतात, प्रोलिनचा पिवळा ४४० च्या आसपास. तुझा पिवळा ठिपका शंभर टक्के बरोबर आहे, जर्नलमधे पिवळा असंच लिही, कुणी खोडायला सांगितलं तर हे समजावून सांग.

हा रंग १९१० मधे केंब्रिजला झिगफ्रीड रुहेमान यांना सापडला. ते दुसरंच काहीतरी करायला गेले होते आणि हे निनहायड्रिन हाती आलं, कातडीला लागलं की जांभळं होतं हे त्यांनीच नोंदवून ठेवलंय. त्या रंगाला आजही रुहेमानचा जांभळा म्हणतात.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, प्रॅक्टिकलवरून आली तर उजव्या हाताच्या दोन बोटांना हळदीसारखे पिवळे डाग, साबणाने जात नाहीत, लिंबूही चोळून पाहिलं. ती म्हणते नायट्रिक अ‍ॅसिडचा थेंब उडाला होता, लगेच धुतलं. काही वाईट तर नाही ना? (ठाणे)

ताई, आधी हे बघा की आग होतेय का, फोड आलाय का, कातडी सोलतेय का. तसं काही असेल तर डॉक्टरला दाखवाच. तसं नसेल आणि नुसता रंगच असेल तर काळजी करू नका, लिंबू, ब्लीच काही चोळू नका, तो धुवून जाणारा रंगच नाही, वरची कातडी जशी झडत जाईल तसा काही दिवसांत आपोआप जाईल.

तिला सांगा की तिच्या बोटावर झँथोप्रोटिक टेस्ट झालीय. कातडी म्हणजे प्रथिनच, आणि त्यातल्या टायरोसिन, ट्रिप्टोफॅन या कडंवाल्या (रेणूत अणूंचं कडं असलेल्या) अमिनो आम्लांना तीव्र नायट्रिक आम्ल लागलं की त्यांच्या कड्यावर नायट्रो गट बसतो आणि पिवळं होतं. नळीत असतं तर पुढे अल्कली घालून ते नारिंगी करून दाखवतात. बोटावर अर्थातच नाही करायचं. लगेच धुतलं हे तिने फार चांगलं केलं, नळाखाली भरपूर पाण्यात दहापंधरा मिनिटं धरायला हवं होतं, पुढच्या वेळी तसं करायला सांगा. आणि ज्या लॅबमधे बारावीच्या मुलांना तीव्र नायट्रिक आम्ल हातमोजे आणि चष्म्याशिवाय देतात तिथे तुम्ही पालक म्हणून जाऊन बोला, वाईटपणा येईल म्हणून गप्प बसू नका.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनात आम्ही तिघींनी दूध, अंडं आणि जिलेटिन यांच्यावर पाच टेस्ट करून तक्ता लावला. दुधाला आणि अंड्याला हॉपकिन्स-कोल टेस्टचं जांभळं कडं आलं, जिलेटिनला तीनदा करूनही आलं नाही. बाकी बायुरेट, निनहायड्रिन तिन्हींना आल्या. परीक्षक म्हणाले जिलेटिन प्रोटीन आहे तर कडं यायलाच पाहिजे, तुमची पद्धत चुकली. आमचे मार्क गेले. सर म्हणाले आम्ल बरोबर सोडलं नसेल. आम्ही खरंच चुकलो का? (बारावी, लातूर)

नाही गं, अजिबात नाही चुकलात! तुमच्या तक्त्यातला सगळ्यात मोलाचा चौकोन तोच होता, रिकामा. जिलेटिनमधे ट्रिप्टोफॅन नसतंच. ही टेस्ट ट्रिप्टोफॅन ओळखते. मग कडं येणार कसं?

तुझं पत्र वाचून मला माझं कॉलेज आठवलं. आम्हाला अनोळखी नमुना म्हणून जिलेटिनच दिलं होतं, मला माहीत नव्हतं. नळी तिरकी धरून पिपेटने तीव्र सल्फ्युरिक आम्ल अगदी हळू कडेने सोडलं, ते जड असतं, तळाशी जाऊन बसतं, दोन थरांच्या मधली सीमा काचेसारखी लखलखीत दिसते आणि त्या सीमेवर जांभळी बांगडी उमटायची वाट बघायची. मी वाट बघितली. नळी गरम झाली, हाताला कळत होतं, सीमा तशीच स्वच्छ. बाटली बदलली, परत केलं, मैत्रिणीची बाटली आणली, परत केलं. शेवटी घड्याळ बघून जर्नलमधे लिहिलं, "जांभळे कडे दिसले". सही झाली, मार्क मिळाले. मला ते इतक्या वर्षांनी सुद्धा टोचतं, कारण त्या दिवशी मी बरोबर बघितलं होतं आणि चूक लिहिलं. तुम्ही तिघींनी बरोबर बघितलं आणि बरोबर लिहिलं, मार्क जाऊनही. माझ्या दृष्टीने तुमचा पहिला नंबर.

आणि या टेस्टची जन्मकथा ऐक, ती तुझ्याच गोष्टीसारखी आहे. १८७४ मधे अ‍ॅडमकिविच यांनी दाखवलं होतं की प्रथिनात ग्लेशियल (पाणी नसलेलं) असिटिक आम्ल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातलं की जांभळा रंग येतो. पंचवीसेक वर्षं सगळीकडे मुलं ती टेस्ट करत होती. मग केंब्रिजमधे फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रॅक्टिकलमधे एका विद्यार्थ्याची टेस्ट आलीच नाही. हॉपकिन्स "तुझी पद्धत चुकली" म्हणून पुढे गेले नाहीत. ते आणि त्यांचे सहकारी सिडनी कोल यांनी शोधून काढलं की रंग असिटिक आम्लाने येतच नव्हता, त्या आम्लात अशुद्धी म्हणून जे थोडं ग्लायऑक्सिलिक आम्ल असायचं त्याने येत होता, आणि शुद्ध आम्ल वापरलं की टेस्ट फसायची. म्हणून त्यांनी ग्लायऑक्सिलिक आम्लच थेट वापरायला सुरुवात केली. मग पुढचा प्रश्न, प्रथिनातला नेमका कोणता भाग हा रंग देतो? दुधातलं केसिन स्वादुपिंडाच्या पाचकरसाने मोडून, प्रत्येक पायरीला हाच जांभळा रंग कुठल्या भागात गेला ते तपासत तपासत त्यांनी १९०१ मधे ट्रिप्टोफॅन वेगळं करून दाखवलं. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या फसलेल्या नळीच्या मागे लागून एक अख्खं अमिनो आम्ल हातात आलं.

ते तिथेच थांबले नाहीत. १९०६ मधे एडिथ विल्कॉक आणि हॉपकिन्स यांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त मक्यातलं झाइन दिलं, त्यातही ट्रिप्टोफॅन नाही. उंदीर वाढले नाहीत, मेले. त्याच खाण्यात ट्रिप्टोफॅन घातलं तेव्हाही वाढले नाहीत, पण जास्त दिवस जगले. त्याच्याही आधी फ्रान्समधे गरिबांना आणि दवाखान्यांत हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचं सूप पौष्टिक म्हणून देत होते, आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅजेंडी यांच्या समितीने कुत्र्यांवर प्रयोग करून १८४१ मधे अहवाल दिला की नुसत्या जिलेटिनवर जीव जगत नाही. का जगत नाही ते तेव्हा कुणालाच सांगता आलं नव्हतं. आज तुझ्या नळीतली ती कोरी सीमा त्यातलं एक मोठं कारण सांगते. पुढच्या प्रदर्शनात तक्त्यात तो चौकोन लाल चौकटीत टाक आणि खाली हे दोनतीन ओळीत लिही.

एक सूचना, प्रदर्शनाच्या टेबलावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल ठेवू नका, गर्दीत धक्का लागतो. टेस्ट लॅबमधे सरांसमोर करा, फोटो काढा, फोटो लावा. आणि टेबलावर करायला दुसरी जोडी सुचवते, जिलेटिनची जेली आणि चायनाग्रासची जेली. दिसायला बहिणीबहिणी, पण चायनाग्रास शेवाळातून येतं आणि ते कर्बोदक आहे, बायुरेटला जांभळं होत नाही. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात, ज्यांच्या घरी चालत नाही त्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे कुणाचं मन दुखावणार नाही.

प्रश्न : आमच्या वेळी मिलन टेस्ट असायची, दुधाला सुरेख विटकरी लाल रंग यायचा. आता नातीच्या जर्नलमधे ती नाही. इतकी सुंदर टेस्ट का काढली? (निवृत्त शिक्षक, वर्धा)

सर, नमस्कार. टेस्ट सुंदर होती यात वादच नाही, आणि नेमकी पण, टायरोसिनच्या फिनॉलच्या कड्यालाच धरायची. पण मिलन यांनी १८४९ मधे जे द्रावण दिलं ते म्हणजे नायट्रिक आम्लात विरघळवलेला पारा. आपण वर्षानुवर्षं ते बेसिनमधे ओतलं, तो पारा नाल्यात, नदीत, माशात गेला. जपानमधे मिनामाटाला पारा गेलेले मासे खाऊन माणसांना विषबाधा झाली ते तुम्हाला माहीतच आहे, त्याच नावाचा पाऱ्याविरुद्धचा करार २०१३ मधे झाला आणि भारताने २०१८ मधे त्याला मान्यता दिली. मला स्वतःला ती टेस्ट गेल्याचं वाईट वाटत नाही. तुमच्या शाळेच्या कपाटात जुनी बाटली अजून असेल तर कृपा करून कुणाला तरी सांगून ती नीट जमा करायला लावा, ओतू देऊ नका.

प्रश्न : एखाद्या टेस्टला पुस्तकात दिलेल्यापेक्षा वेगळाच रंग आला तर मुलांना काय सांगायचं? आम्ही "परत करा" म्हणतो. (शिक्षिका, सोलापूर)

परत करायला सांगा, नक्की सांगा, पण आधीची नोंद खोडायला लावू नका. नॉर्वेतली एक गोष्ट सांगते. १९३४ मधे एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन डॉक्टर अस्ब्यर्न फ्योलिंग यांच्याकडे गेली. मुलांच्या अंगाला, लघवीला एक विचित्र वास येतो हे ती वर्षानुवर्षं डॉक्टरांना सांगत होती. फ्योलिंग यांनी नेहमीप्रमाणे लघवीत फेरिक क्लोराइड घातलं. रंग एकतर तपकिरीच राहायचा नाहीतर लालसर-जांभळा व्हायचा. झाला हिरवा. त्यांनी आईला सांगितलं, आठवडाभर मुलांना कुठलंही औषध देऊ नका आणि परत नमुना आणा, म्हणजे औषधामुळे रंग बदलत असेल तर कळेल. परत केलं, परत हिरवाच. मग त्या हिरव्याच्या मागे लागून त्यांनी फिनाइलपायरुविक आम्ल शोधलं, फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल शरीरात पुढे मोडत नाही म्हणून ते साठत होतं. आज आपण त्या आजाराला फिनाइलकीटोन्युरिया म्हणतो. बाळ जन्मल्यावर लगेच कळलं तर आहार बदलून मेंदू वाचवता येतो, आणि डाएट कोल्ड्रिंकच्या कॅनवर फिनाइलअ‍ॅलनिनबद्दल जी बारीक सूचना असते ती याच रुग्णांसाठी.

बघा, त्यांनीही "परत करा"च म्हटलं होतं. पण एक गोष्ट बदलून परत केलं, आणि पहिला हिरवा लिहून ठेवला.

प्रश्न : आमची शाळा वाडीवरची, लॅब नावाला. गंधकवाल्या अमिनो आम्लाची टेस्ट पुस्तकात लेड असिटेटने दिलीय, आमच्याकडे ते नाही. काही पर्याय? (रत्नागिरी जिल्हा)

नाही तेच बरं आहे, शिसं विषारी. तरी ती टेस्ट कशी असते ते मुलांना तोंडी सांगा, कारण ती फार बोलकी आहे. न्हाव्याकडून आणलेले केस कॉस्टिक सोड्याच्या कडक द्रावणात उकळायचे, केस विरघळत जातात, सिस्टिनमधलं गंधक सल्फाइड होऊन सुटतं आणि लेड असिटेटचे थेंब पडले की आधी चहासारखं तपकिरी, मग शाईसारखं काळं. केसांच्या वजनाच्या साधारण ५ टक्के गंधकच असतं. मेथिओनिनमधेही गंधक आहे, पण ते दोन कार्बनच्या मधे पक्कं अडकलेलं असतं, या उकळण्याने सुटत नाही, म्हणून नुसतं मेथिओनिन घेतलं तर काळं होत नाही.

तुमच्याकडे करायचं तर दोन अंडी पुरतात. एक अंडं चांगलं पंधरावीस मिनिटं उकडा आणि पाण्यातच गार होऊ द्या, कापलं की बलकाभोवती हिरवट करडं कडं दिसेल, पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह मिळून झालेलं आयर्न सल्फाइड. दुसरं बेताचं उकडून लगेच गार पाण्यात टाका, त्याला कडं नाही किंवा अगदी फिकं. दोन्ही अर्धी कापून शेजारी ठेवा, मुलं आपणच विचारतील.

मग चांदी. कुणाच्या घरचं जुनं, मोडकं जोडवं किंवा पैंजणाचा तुकडा मागा, आईला विचारून. गरम असतानाच उकडलेलं अंडं कुस्करून झाकणाच्या डब्यात भरा, त्यात तो तुकडा खुपसा, तेवढाच दुसरा तुकडा रिकाम्या डब्यात, दोन्ही डबे रात्रभर. सकाळी अंड्यातला काळपट, दुसरा आहे तसा. दुसरा डबा विसरू नका, त्याच्याशिवाय मुलांनी काय समजायचं?

जोडवं परत करायचंय, तर काळं ठेवून कुणाच्या आईचा ओरडा खाऊ नका. भांड्याच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल ठेवा, तिला चिकटून तो तुकडा, वरून कडकडीत पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा. पाचदहा मिनिटांत गंधक चांदीला सोडून अ‍ॅल्युमिनियमकडे जातं, हलका कुजक्या अंड्याचा वास येतो, आणि चांदी होती तशी होते. फॉइलचा तुकडा मात्र मुलांना उजेडात धरून बघू द्या, तो डागाळलेला असतो.